रबराला जागा द्या: गॅस्केट आणि सील घरी बनवताना

मे महिना, पारा ४४ च्या पुढे, आणि केळीच्या ठिबकचा जाळीचा फिल्टर झाकणातून गळायला लागला. शेजारच्या शेतातले नाना बांधावरूनच ओरडले, "भाऊ, पानी तं बाहेर जाई ऱ्हायनं!" चोपडा तालुक्यात त्या दिवसांत केळीला एक पाळी चुकली की पानं मान टाकतात, म्हणून मी लगेच मोटर बंद करून झाकण उघडलं. आतली रिंग हातात घेतली तर ती गोल राहिलीच नव्हती. खाचेत दबून दबून चौकोनी झाली होती, आणि नखाने दाबलं तर वण तसाच राहत होता. दुकानात रिंग दाखवली. उत्तर आलं, "हे मॉडेल बंद झालं, फिल्टरच नवा घ्या."

एवढ्याशा रबरासाठी अख्खा फिल्टर टाकायचा, हे मला पटलं नाही. नळीतून मलमासारखं पिळून काढायचं आणि मग रबर होणारं सिलिकॉन आणलं आणि झाकणाची खाच काठोकाठ भरली. गळती नको म्हणून वर थोडा उंचवटाही ठेवला. दुसऱ्या दिवशी झाकण बसवायला गेलो तर ते बसेना. विंगनट पान्याने आवळला आणि झाकणाच्या कानाला चीर गेली. एवढं मऊ रबर, आणि त्याने बिडाचं झाकण फोडलं. असं का झालं हे कळल्याशिवाय पुढची रिंग बनवायची नाही असं ठरवलं. ते कळलं आणि सगळंच सोपं झालं. तेच इथे सांगतो.

रबर मऊ असतं, पण दबून लहान होत नाही. स्पंज दाबला की त्यातली हवा निघून जाते आणि तो खरोखर लहान होतो. भरीव रबराचं तसं नाही. ते वरून दाबलं की बाजूने फुगतं. आकार बदलतो, पण आकारमान जवळपास तेवढंच राहतं, पाण्याने गच्च भरलेल्या पिशवीसारखं. मी खाच काठोकाठ भरली आणि वर उंचवटा ठेवला, तेव्हा त्या उंचवट्यातल्या रबराला जायला जागाच उरली नव्हती. मी रबर दाबतोय असं मला वाटत होतं, पण प्रत्यक्षात झाकण एका भरीव ठोकळ्यावर आवळत होतो.

कारखान्यातली ओ-रिंग पाहा. तिचा छेद गोल आणि खाच चौकोनी असते. चौकोनात गोल बसवला की चारी कोपरे रिकामे राहतात, आणि ते मुद्दाम ठेवलेले असतात. दाबलेलं रबर तिथे सरकतं. आकड्यांत सांगतो. खाच ५ मिमी खोल असेल तर रिंगची जाडी ५ भागिले ०.८, म्हणजे साधारण ६.२५ मिमी हवी. झाकण बसलं की ती ५ मिमीपर्यंत दबते, म्हणजे २० टक्के दाब मिळतो. झाकणासारख्या न हलणाऱ्या जोडाला १५ ते ३० टक्के दाब चांगला. ६.२५ मिमी गोल रिंगच्या छेदाचं क्षेत्रफळ ३१ चौरस मिमीच्या आसपास येतं. खाच ८ मिमी रुंद असेल तर तिचं क्षेत्रफळ ४०. म्हणजे खाच सुमारे ७७ टक्के भरली आणि बाकीची जागा रबराला सरकायला उरली. ८५ टक्क्यांच्या वर भरू नये, कारण उन्हाने रबर फुगतं, आणि ते लोखंडापेक्षा कितीतरी पटीने जास्त फुगतं.

घरी सील बनवणारे बहुतेक जण इथेच चुकतात. आपल्याला वाटतं गॅस्केट म्हणजे बूच, भोक बुजवणारी वस्तू. म्हणून आपण ती जागा भरत सुटतो. प्रत्यक्षात गॅस्केट ही स्प्रिंग आहे. दोन पृष्ठभागांच्या मध्ये दबून ती दोघांनाही सतत बाहेर ढकलत राहते. ते ढकलणं पाण्याच्या दाबापेक्षा जास्त आहे तोवर थेंब बाहेर येत नाही. ढकलणं कमी पडलं की गळती सुरू.

माझ्या जुन्या रिंगचं तेच झालं होतं. पत्र्याच्या पंपघरात वर्षानुवर्षं उन्हाळे काढले की दबलेलं रबर त्याच आकारात मुरतं आणि परत फिरणं विसरतं. हे किती झालंय ते घरीही मोजता येतं. १० मिमी जाड तुकडा ८ मिमीपर्यंत दाबून ठेवा. दिवसभराने सोडा आणि अर्ध्या तासाने मोजा. तो ९.६ पर्यंत परत आला तर २ मिमीपैकी ०.४ हरवले, म्हणजे २० टक्के. निम्म्याहून जास्त हरवत असेल तर त्या मालाची रिंग एक हंगामसुद्धा काढणार नाही.

रबराचं परत फिरणं थंडीतही मंदावतं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत तुटलं आणि सात अंतराळवीर गेले. बूस्टर रॉकेटच्या जोडातल्या ओ-रिंगा त्या सकाळच्या गारठ्यात कडक झाल्या होत्या. जोड किंचित उघडला तेव्हा त्या वेळेत परत फुगल्या नाहीत आणि गरम वायू बाहेर आला. चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा काढल्यावर तुकडा लगेच परत फिरत नाही हे त्यांनी सगळ्यांसमोर दाखवलं. आपल्याकडे थंडीची नाही, उन्हाची भीती. पण प्रश्न तोच, की दाब सुटल्यावर रबर परत येतं का.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. झाकण धरून ठेवण्याची ताकद रबराची नसते, नट-बोल्टची असते. २० सेमी व्यासाचं झाकण आणि आत दर चौरस सेमीला २ किलोचा दाब असेल तर झाकणावर ६२८ किलोचा जोर येतो. ३१४ चौरस सेमी गुणिले २, हिशेब एवढाच. एवढा जोर कुठलंही सिलिकॉन, कुठलाही डिंक चिकटून पेलणार नाही. म्हणून चिकटवून गळती थांबवण्याचा विचार सोडा.

आता माल. "जुना टायर किंवा ट्यूब वितळवून साच्यात ओतता येईल का?" असं मला बरेच जण विचारतात. नाही येत. कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून त्यावर तोड काढली. गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी आडवे टाके घालतं. टाके पडले की साखळ्या सुट्या होऊन वाहू शकत नाहीत, त्यामुळे असं रबर वितळत नाही, जळतं. ट्यूबचा उपयोग वायसर कापण्यापुरता. ट्रकची ट्यूब बहुधा ब्यूटाइल रबराची असते. पाण्यासाठी ती छान, तेलासाठी निकामी.

तेलाचं रबर वेगळं आणि पाण्याचं वेगळं, हे दुकानात क्वचितच सांगतात, कारण सगळंच काळं दिसतं. नैसर्गिक रबर डिझेलमध्ये फुगून लिबलिबीत होतं. नायट्राइल हे कृत्रिम रबर तेलाला उत्तम, पण उघड्या उन्हात तडकतं. ईपीडीएम हे दुसरं कृत्रिम रबर ऊन, पाणी, वाफ सगळं सोसतं, मात्र तेल लागलं की संपलं. सिलिकॉन २०० अंशांपर्यंत टिकतं आणि उन्हाला भीत नाही. पण पेट्रोल-डिझेलमध्ये फुगतं, आणि चिरेला फार कच्चं असतं. एकदा काप गेला की सरसर फाटत जातं. शंका असेल तर मालाचा तुकडा त्याच द्रवात दोन दिवस बुडवा आणि आधी-नंतर मोजा. तो फुगला असेल तर तो माल तिथे नको.

घरी आकार देता येतो तो मुख्यतः सिलिकॉनला, कारण ते भट्टी आणि प्रेसशिवाय, नुसत्या खोलीतल्या हवेत पिकतं. मी पिकतं म्हणतो, वाळतं नाही. त्यातून पाणी उडून जात नाही, उलट ते हवेतला ओलावा घेऊन आतल्या साखळ्या जोडत जातं.

नळीतून येणाऱ्या एका घटकाच्या सिलिकॉनचे दोन प्रकार आहेत. पिळल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते अॅसिटिक. पिकताना ते अॅसिटिक आम्ल सोडतं, आणि ते पितळ, तांबं, लोखंड यांना खातं. धातूच्या भागावर लावायचं असेल तर न्यूट्रल लिहिलेली नळी घ्या. पाच-दहा रुपयांसाठी इथे तडजोड करू नका.

दोन्ही प्रकारांची एक अडचण सारखीच. ओलावा बाहेरून आत जातो, म्हणून पिकणंही बाहेरून आत, दिवसाला साधारण २ ते ३ मिमी. जाड गोळा केला तर वरून रबर आणि आत आठवडाभर मलम. बंद साच्यात तर पिकतच नाही. त्यात खानदेशचा उन्हाळा. उकडतं म्हणून लवकर पिकेल असं वाटतं, पण एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओलावाच मिळत नाही. तेच काम जुलैत भराभर होतं. उन्हाळ्यात मी तुकडा झाकणाच्या डब्यात ठेवतो आणि शेजारी ओलं फडकं ठेवतो. फरक स्वच्छ दिसतो.

जाड तुकडा एकसारखा पिकवायचा तर ओलावाच आत मिसळायचा. त्यासाठी कॉर्नफ्लोअर लागतं. किराणा दुकानात सूपसाठी मिळतं ते पांढरंशुभ्र, हाताला करकर वाजणारं. गिरणीतून दळून आणलेलं मक्याचं पीठ नव्हे. त्यात कोंडा आणि तेल असतं. स्टार्चच्या कणांत मुरलेला ओलावा सगळ्या गोळ्यात पसरतो आणि सिलिकॉन आतून-बाहेरून एकदमच पिकतं. यासाठी आंबट वासाचंच सिलिकॉन घ्या, न्यूट्रलवर हा उपाय भरवशाचा नाही. प्लॅस्टिकच्या कागदावर सिलिकॉन काढा, तेवढ्याच मापाचं कॉर्नफ्लोअर घाला आणि हातमोजे घालून भाकरीच्या पिठासारखं मळा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, वास डोळ्यांत जातो. पाच-दहा मिनिटांत गोळा हाताला चिकटायचा थांबतो. तेवढ्याच वेळात त्याला आकार देऊन घ्यायचा. पीठ वाढवलं तर लवकर पिकतं, पण रबर कडक आणि ठिसूळ होतं. पहिल्या खेपेला लिंबाएवढाच गोळा करून बघा.

मात्र हे मिश्रण कायम पाण्यात राहणाऱ्या सीलसाठी मी वापरत नाही. स्टार्च पाणी धरतो, बुरशीही धरतो. कूलरच्या दाराची पट्टी, कोठीच्या झाकणाची धूळ-पट्टी, वायरच्या भोकातलं बूच, हत्यारांच्या मुठी अशा कोरड्या कामांना ते झकास आहे. एका आयरिश डिझायनर बाईंनी मातीसारखा मळता येणारा आणि २४ तासांत सिलिकॉन रबर होणारा तयार माल २००९ मध्ये सुग्रू नावाने बाजारात आणला. ते नाव 'खेळ' या अर्थाच्या आयरिश शब्दावरून घेतलंय. मालाची जात चांगली आहे, पण आपल्याकडे एवढ्याशा पुडीची किंमत परवडत नाही.

पाण्याच्या सीलसाठी दोन घटकांचं सिलिकॉन घ्या. दोन रंगांचे लगदे किंवा दोन बाटल्या येतात. डब्यावर असेल त्या प्रमाणात, बहुधा समसमान, मिसळायचे. याच्या प्लॅटिनमवाल्या प्रकाराला ओलावा लागत नाही, म्हणून बंद साच्यातही तो पूर्ण पिकतो. त्याला गंधकाचं मात्र वावडं आहे. साधे रबरी हातमोजे, जुनी ट्यूब, गंधक असलेली खेळण्यातली माती यांचा स्पर्श झाला तर पृष्ठभाग चिकटच राहतो. व्हिनाइलचे मोजे घाला. आणि याचा नियम उलटा आहे, उष्णतेने ते घाईने पिकतं. मे महिन्यात भर दुपारी मिसळायला बसलात तर साच्यात जाण्याआधीच गोळा आटपतो. सकाळी सहाला करा.

आता माझी दुसरी रिंग. खाचेत मेणाचा चुरा दाबून ठसा घेतला आणि व्हर्नियरने खोली-रुंदी मोजली. खोली ५, रुंदी ८. म्हणजे ६ मिमीच्या आसपास जाडीची गोल दोरी हवी. आत ६ मिमी पोकळी असलेली पारदर्शक नळी घेतली आणि साबणाचं दाट पाणी आतून फिरवून वाळवलं. मग औषधाच्या मोठ्या सिरिंजने एका टोकाकडून सिलिकॉन भरत गेलो. दुसरं टोक उंच धरलं, म्हणजे हवा पुढे निघून जाते. बुडबुडा राहिला की नेमकी तिथेच गळती होते, म्हणून घाई करू नका. पिकल्यावर नळी लांबीत चिरून दोरी सोडवली. खाचेच्या मध्यरेषेचा घेर मोजून दोरी कापली, दोन्ही टोकं तिरकी, कलमाच्या कापासारखी. सरळ कापलेला सांधा ताणला की उघडतो. तिरक्या सांध्यात चिकटायला जागा जास्त मिळते. सांध्याला ताजं सिलिकॉनच लावायचं, कारण पिकलेल्या सिलिकॉनला दुसरं फारसं काही चिकटत नाही. मग एक दिवस हात लावायचा नाही.

वाकडीतिकडी खाच असेल तर तिथेच रिंग घडवता येते. एका बाजूला सिलिकॉनची सलग धार सोडायची, समोरच्या बाजूला पेट्रोलियम जेली चोळायची म्हणजे ती चिकटत नाही. नट फक्त बोटांनी लावायचे. पुरेसं पिकलं की मगच पाव-अर्धा फेरा आवळायचा. ओलं असतानाच करकचून आवळलं तर सगळा माल बाहेर पिळला जातो, आणि स्प्रिंग राहत नाही, नुसता रंगाचा थर राहतो. पंपाच्या फ्लँजला सफेदा आणि सूत लावणाऱ्यांचीही सवय करकचून आवळायची असते. सुताला ते चालतं, रबराला चालत नाही. आणि खाच काठोकाठ भरली असेल तर पिकल्यावर ब्लेडने वरच्या दोन्ही कडा तिरक्या छाटा. तीच रबराला सरकायची जागा.

बसवण्याआधी झाकणाच्या कडेला खडू लावून झाकण एकदा दाबून उचला. रिंगवर खडूचं गोल सलग उमटलं पाहिजे. जिथे तुटलं तिथे गळणार.

काही ठिकाणी मात्र घरचं रबर लावायचं नाही, आणि यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही. गॅसची शेगडी, रेग्युलेटर, सिलिंडर. सिलिकॉनमधून वायू सहज झिरपतो आणि एलपीजी त्याला फुगवतो. प्रेशर कुकर. आत साधारण १२० अंश वाफ आणि १ किलोच्या आसपास दाब असतो, म्हणजे २० सेमीच्या झाकणावर ३०० किलोंहून जास्त जोर. त्यात कुकरची रिंग हा सुरक्षेच्या रचनेचाच भाग असतो. कंपनीचीच घ्या. गाडीचे ब्रेक. आणि पाठीवरचा फवारणी पंप. औषधातले द्रावक रबर बिघडवतात आणि गळती थेट माणसाच्या पाठीवर होते. दुधाची बरणी, पिण्याच्या पाण्याची टाकी यांना अन्नासाठी चालणारं असं लिहिलेलंच सिलिकॉन. बाथरूमच्या नळीत बुरशीनाशक घातलेलं असतं. जुन्या इंजिनाचं राखाडी, दोरेदार गॅस्केट कोरडं खरवडू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून काढा.

माझ्या फिल्टरवर ती दुसरी रिंग दोन उन्हाळे टिकली. तिसऱ्या वर्षी सांध्याजवळ बारीक भेग दिसली तेव्हा बदलली, कारण एक दोरी जास्तीची करून ठेवली होती. ती मी पंपघरात ठेवत नाही. मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. सिलिकॉनला त्याचं काही होत नाही, पण त्याच खिळ्यावर टांगलेले नायट्राइलचे वायसर वर्षभरात तडकून जातात. सगळ्या रिंगा आता घरात, पत्र्याच्या डब्यात, शंखजिरं लावून आणि न ताणता ठेवलेल्या असतात. प्रत्येकीला चिठ्ठी आहे: कुठल्या झाकणाची, खाच किती खोल, किती रुंद.